आधी शेजारच्या बाकापर्यंत

आजचं वाचन: मत्तय 5:23-24

वेदीपाशी दान आणल्यावर, कुणाचं मन आपल्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं प्रभू येशू सांगतात. ऐकणारे बरेच लोक गालीलातले. वेदी मात्र यरुशलेमच्या मंदिरात, शंभर किलोमीटरहून दूर. म्हणजे समेटासाठी कित्येक दिवसांची पायपीट करत परत यायचं, आणि मग पुन्हा मंदिरात जायचं!

मी कॅथलिक शाळेत नववी-दहावीला धर्मशिक्षण देते. पहिल्या शुक्रवारी मिस्सा, ऑक्टोबरात जपमाळ, प्रायश्चित्तकाळात क्रूसाची वाट, पापनिवेदन. हे सगळं मुलं मनापासून करतात. पण यंदा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून एका मुलीला काढलं गेलं. काढणारे काही जण शुक्रवारच्या मिस्सात गायला पुढे. ती मुलगी कॅथलिक नाही. त्या वेळी ती मूल्यशिक्षणाच्या तासाला एकटीच बसलेली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शिक्षणावर जाहीरनामा काढला. त्यात कॅथलिक शाळेची खूण म्हणून शुभवर्तमानाच्या स्वातंत्र्याने आणि प्रीतीने भरलेलं वातावरण सांगितलंय. ते वातावरण फक्त चॅपलमध्ये असून कसं चालेल? येशूने सांगितलेला भाऊ वेगळ्या धर्माचाही असतो, आणि आपल्याला तर शंभर किलोमीटर चालायचंही नाही.

आज एवढंच करूया: एक नाव आठवा, आणि मिस्साआधी त्या व्यक्तीशी बोला. मेसेज नको, समोर जाऊन.

प्रभो, पहिलं पाऊल टाकायला आम्हाला बळ दे. आमेन.