अमेरिकेतील मतगणना आणि आक्षेपाचा अधिकार

राज्यशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी एकदा विचारले, "क्रिकेटच्या सामन्यात धावा लिहून घेणाऱ्यानेच फलंदाजाला बाद ठरवले तर चालेल का?" वर्ग हसला. सरांनी पुढे विचारले, "मग अमेरिकेच्या अध्यक्षाची मते मोजणाऱ्या संसदेने ती मते बाद ठरवली तर?" या वेळी कोणी हसले नाही. मलाही उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा यथामती केलेला अभ्यास येथे मांडत आहे.

अमेरिकेचा अध्यक्ष राज्याराज्यांतून निवडलेल्या ५३८ निर्वाचकांच्या मतांनी निवडला जातो. ही मते डिसेंबरात पडतात आणि ६ जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, संयुक्त बैठकीत मोजली जातात. उपाध्यक्ष त्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवितो. गंमत अशी की, पाकिटे उघडल्यावर मते मोजली जातील एवढेच तेथील राज्यघटना सांगते. कोणी मोजावीत आणि वाद झाल्यास निवाडा कोणी करावा, हे ती सांगत नाही. कर्मणि प्रयोगात कर्ता लपला, आणि सारा घोळ तेथूनच सुरू झाला.

१८७६ च्या निवडणुकीत टिल्डन यांना १८४ मते होती; बहुमताला एकच मत कमी. हेज यांच्याकडे १६५ होती. उरलेली २० मते वादग्रस्त होती. फ्लोरिडा, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांतून तर परस्परविरोधी निकाल आले. अखेर १५ जणांचा आयोग नेमला गेला. त्याने ८ विरुद्ध ७ अशा पक्षनिहाय मतांनी सर्व २० मते हेज यांच्या पदरात टाकली. पुढे लवकरच दक्षिणेतील लष्करी पाठबळ काढून घेण्यात आले आणि तेथील कृष्णवर्णीयांचा मताधिकार क्रमाक्रमाने हिरावला गेला. मतगणनेतील वादाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून ध्यानात यावे.

या अनुभवातून १८८७ चा कायदा झाला. सिनेटचा एक आणि प्रतिनिधिगृहाचा एक, अशा दोन सभासदांनी लेखी आक्षेप घेतला की दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे बसून जास्तीत जास्त दोन तास चर्चा करावी आणि मत द्यावे. दोन्ही सभागृहे सहमत झाली तरच आक्षेप मान्य. १९६९, २००५ आणि २०२१ या तीन वर्षी अशी चर्चा झाली. आक्षेप एकदाही मान्य झाला नाही.

२००५ मध्ये ओहायोच्या मतांवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदांनी आक्षेप घेतला. सिनेटमध्ये तो ७४ विरुद्ध १ मताने पडला. २०२१ मध्ये ॲरिझोना आणि पेनसिल्व्हेनियाच्या मतांवर रिपब्लिकन सभासदांनी आक्षेप घेतले. तत्पूर्वी याबाबतचे बहुतेक सर्व दावे न्यायालयांनी फेटाळले होते. बैठक चालू असतानाच जमाव संसदभवनात घुसला. काही तासांनी कामकाज पुन्हा सुरू झाले. तरीही पेनसिल्व्हेनियाच्या आक्षेपाच्या बाजूने प्रतिनिधिगृहात १३८ मते पडली, विरोधात २८२. दोन्ही प्रसंगांची तीव्रता सारखी नव्हती, हे उघड आहे. पण दोन्ही वेळी आक्षेप घेणारे पराभूत पक्षाचे होते, हेही तितकेच खरे.

हे वाचून, असा अधिकारच नको, असे माझे मत झाले होते. १९६९ च्या प्रसंगाने ते डळमळले. उत्तर कॅरोलिनातील एका निर्वाचकाने निक्सन यांना द्यावयाचे मत वॉलेस यांना दिले होते. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत सिनेटर मस्की होते. ते स्वतः त्याच निवडणुकीत उपाध्यक्षपदासाठी पराभूत झाले होते. आक्षेप मान्य झाला असता तरी निकाल बदलणार नव्हता आणि त्यांच्या पदरात काही पडणार नव्हते. त्यांचा प्रश्न तत्त्वाचा होता. आक्षेप फेटाळला गेला. पण अधिकाराचा सदुपयोगही होऊ शकतो, हे त्याने मला पटवले.

आपल्या राज्यघटनेने वेगळी वाट धरली. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील वाद अनुच्छेद ७१ नुसार सर्वोच्च न्यायालयाकडे जातात. १९६९ मधील व्ही. व्ही. गिरी यांच्या निवडीला आव्हान मिळाले तेव्हा राष्ट्रपती असूनही त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. अमेरिकेनेही २०२२ मध्ये कायदा सुधारला. आता आक्षेपाला प्रत्येक सभागृहाच्या एकपंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, आक्षेपाची कारणे दोनच उरली आहेत आणि उपाध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले आहे. ६ जानेवारी २०२५ रोजी कमला हॅरिस यांनी अध्यक्षस्थानावरून स्वतःचाच पराभव जाहीर केला. कोणीही आक्षेप घेतला नाही.

सरांच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन : धावा लिहिणाऱ्याला चूक दिसली तर त्याने ती जरूर दाखवावी, पण निर्णय पंचाने द्यावा. आणि चूक दाखवण्यापूर्वी त्याने स्वतःला एकच विचारावे : माझा संघ जिंकला असता, तरी मी हात वर केला असता का?