फाइल आपली, तरी प्रवेश नाकारलेला

जुन्या संगणकातील हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडावी, छायाचित्रे, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि गृहकर्जाची कागदपत्रे असलेला फोल्डर उघडू पाहावा आणि पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ ही सूचना झळकावी, हा अनुभव अनेक घरांत येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपल्यावर संगणक बदलण्याची वेळ पुष्कळांवर आली आहे. अशा वेळी डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो मुळीच मानू नये. फाइली बहुधा शाबूत असतात. अडलेला असतो तो केवळ अधिकार.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक फाइलीसोबत तिचा मालक कोण आणि कोणास कोणती मुभा आहे, याची यादी नोंदलेली असते. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली ही व्यवस्था २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरोघरी पोचली. बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार असले तरी व्यवहार होतो तो खाते क्रमांकावरून. संगणकाचेही तसेच आहे. तो नाव पाहत नाही, ‘एस-१-५-२१’ ने सुरू होणारा लांबलचक ओळख-क्रमांक पाहतो. नव्या संगणकावर तेच नाव आणि तोच पासवर्ड ठेवला, तरी क्रमांक नवा मिळतो. म्हणून जुन्या यादीत ‘अकाउंट अननोन’ असा अनोळखी इसम दिसतो; तो अनोळखी म्हणजे पूर्वीचे आपणच! पेन ड्राइव्हवर बहुधा एफएटी३२ किंवा एक्सफॅट व्यवस्था असते. तीत अशी यादीच नसल्याने तेथे ही अडचण येत नाही, अर्थात हे संरक्षणही मिळत नाही.

उपाय ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच करावा. फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ हे बटण आल्यास ते दाबून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. न भागल्यास फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड या क्रमाने जावे. ‘ओनर’ समोरील ‘चेंज’ निवडून स्वतःच्या खात्याचे नाव लिहावे आणि ‘चेक नेम्स’ने ते पडताळावे. आतील फाइलींचीही मालकी बदलणाऱ्या चौकटीत खूण करून ‘ओके’ म्हणावे. येथे अनेकजण थांबतात आणि फाइल तरीही उघडत नाही म्हणून चिडतात. मालकी म्हणजे वापराची परवानगी नव्हे. ती परवानगी देण्याचा अधिकार तेवढा मालकीने मिळतो. म्हणून खिडकी बंद करून पुन्हा सिक्युरिटीत जावे, आपले नाव यादीत जोडावे आणि त्यास ‘फुल कंट्रोल’ द्यावा. यादीत ‘डिनाय’ची नोंद दिसल्यास ती आधी तपासावी, कारण एकाच पातळीवर परवानगी आणि मनाई दोन्ही असतील तर मनाई वरचढ ठरते.

घाईत ‘एव्हरीवन’ला सर्वाधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा. ते तिजोरीची किल्ली फाटकावर टांगण्यासारखे आहे. तसेच चालू संगणकाच्या विंडोज फोल्डरची मालकी कधीही बदलू नये. तेथील अनेक फाइलींचा मालक ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ असतो आणि तो हेतुपूर्वक ठेवलेला आहे.

फाइल उघडते पण जतन होत नसेल, तर कारण निराळे असू शकते. ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल, तिच्यावर ‘रीड-ओन्ली’ खूण असेल किंवा विंडोज सिक्युरिटीतील ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ने त्या प्रोग्रॅमला अडवले असेल.

एका बाबतीत मात्र मालकी बदलून काहीच साधत नाही. फाइल कूटबद्ध असेल तर कुलूप यादीत नसते, मजकुरातच असते. संपूर्ण डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की लागते; ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते. एकेक फाइल ईएफएसने कूटबद्ध केली असल्यास जुन्या खात्याचे प्रमाणपत्र त्याच्या खासगी किल्लीसह हवे. ते जुन्या संगणकातून, तो सुरू होत आहे तोवरच, निर्यात करून बाहेरच्या डिस्कवर ठेवावे लागते.