यात्रेला येणं आणि राहायला येणं

कोइमतूरची भट्टी आवरून गावाकडं यायचं म्हणतोयस, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. मुहूर्त मात्र मला विचारू नकोस. आधी पोरगा कितवीत आहे ते सांग. परतायची तारीख त्याच्या इयत्तेवरून ठरते. दुकान, घर, रान हे सगळं मागून त्या तारखेशी जुळवता येतं.

आपल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. तमिळनाडू, केरळपासून उत्तर प्रदेश, बंगालपर्यंत जाऊन सोनं-चांदी गाळली आणि त्या पैशावर इकडं घरं बांधली, विहिरी पाडल्या. पण बहुतेकांचं गावाला येणं होतं ते दिवाळीला, लग्नसराईत, नाहीतर खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला. त्या चार-आठ दिवसांत गाव आपल्याला पाहुणा म्हणून वागवतं आणि आपणही पाहुण्यासारखं वागतो. राहायला येणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. अर्धं आयुष्य तिकडं काढून मी परत आलो. माझ्यामागून आलेल्यांपैकी कुणाची घडी बसली, कुणाची विस्कटली, तेही जवळून बघितलं. त्यातून जे कळलं ते तुला सांगून ठेवतो.

पोराचं आधी. नीटची परीक्षा देशभर एकच, पण सरकारी मेडिकल कॉलेजातल्या 85 टक्के जागा त्या त्या राज्याच्या असतात आणि 15 टक्के देशपातळीवरच्या. महाराष्ट्राच्या 85 टक्क्यांत बसायचं तर अधिवासाचा दाखला हवा आणि दहावी-बारावी दोन्ही इथूनच झालेली हवी, असा साधारण नियम आहे. केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या मुलांना वगैरे सवलती आहेत. आपण त्यात येत नाही. इंजिनिअरिंगला जरा सैल आहे. दहावी-बारावी बाहेरची असली तरी मुलाचा किंवा आई-बापाचा अधिवास महाराष्ट्राचा असेल तर वेगळ्या प्रकारातून अर्ज बसतो. हे सगळं सीईटी कक्षाच्या त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका स्वतः वाच. चौकातल्या जाणत्यांच्या भरवशावर पोराचं वर्ष घालवू नको.

म्हणून माझं सांगणं असं, की आठवीच्या आत आण. नववीला आणलंस तरी निभावेल. दहावी तिकडं झालीच असेल, तर मग बारावी तिकडंच होऊ दे आणि तोवर घर हलवू नको. अकरावीला उचलून आणलेलं पोरगं इथलंही धड राहत नाही आणि तिथलंही. भाऊबंदांत असं झालेलं मी पाहिलंय.

आता नावाचं. याकडं कुणाचं लक्ष जात नाही आणि पुढं सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. तमिळनाडूत आडनाव लावत नाहीत, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढं लावतात. तिथल्या शाळेत आपला आदित्य संजय जाधव हा ‘एस. आदित्य’ होऊन बसतो. शाळेच्या हजेरीत एस. आदित्य, आधारवर आदित्य एस., जन्मदाखल्यावर नुसता आदित्य, आणि इकडं रेशनकार्डावर पूर्ण नाव. इथला क्लार्क तीन कागद शेजारी शेजारी मांडतो आणि विचारतो, यातला तुमचा मुलगा कोणता? शाळेतलं नाव दहावीचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त होतं. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर एकदा छापलं गेलं की वर्षानुवर्षं खेटे. तेव्हा तिकडं असतानाच जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींवर नाव, बापाचं नाव आणि आडनाव एकसारखं करून घे. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा एकच ठेव. शाळा सोडल्याचा दाखला घेताना शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी तिथल्या तिथंच करून आण. परराज्याच्या दाखल्यावर ती मागणाऱ्या शाळा आहेत, आणि एका सहीसाठी पुन्हा कोइमतूर गाठणं परवडत नाही.

भाषेची तयारी वर्षभर आधी सुरू कर. पोरगं घरात आपल्यासारखं झकास बोलतं, म्हणून तुम्ही निर्धास्त असता. पण तमिळनाडूत शाळेला दोनच भाषा, तमिळ आणि इंग्रजी. तिथल्या राज्य बोर्डाच्या पोरानं देवनागरी अक्षर वहीत गिरवलेलंच नसतं. इकडं 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. बोलता येणारी आणि वाचता न येणारी भाषा वर्गात फार लाजवते. सूनबाईला सांग, रोज अर्धा तास बाराखडी आणि जोडाक्षरं घे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक मागव, आधी चित्रांखालच्या दोन ओळी, मग गोष्ट. आणि एक माझं ऐक, त्याचं तमिळ तोडू नको. मित्रांशी फोनवर बोलू दे, तमिळ पुस्तकं ट्रकात भर. जी भाषा त्याला फुकट मिळाली ती मोठेपणी कमवायला किती कष्ट पडतात, हे पहिल्या वर्षी तिकडं खुणांनी सोनं तोललेल्या माणसाला विचार.

कागदांतलं बाकीचं भराभर सांगतो. अधिवासाच्या दाखल्याला साधारण 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तुझी शाळा इथली, तो दाखला जप. घरपट्टीच्या पावत्या आणि लाइटबिलं फाईलला लाव, आणि तुझ्या बाबतीत काय चालेल हे यायच्या आधीच तहसील कार्यालयात विचारून घे. जातीच्या दाखल्याला आजोबा-पणजोबांचा कागद लागतो. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा बघतात, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यात सगळ्यात भक्कम. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8. रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला तिथून आण, गॅसची टाकी जमा करून ट्रान्स्फर व्हाऊचर घे. गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्याला तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स पुन्हा, आणि तिथला उरलेला टॅक्स परत मिळवायला वेगळा अर्ज. गाडी जुनी असेल तर तिकडंच विकून ये.

दुकान एकदम बंद करू नको. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक वेगळी असते. तमिळनाडूचा नंबर नुसता पत्ता बदलून विट्याला आणता येत नाही. इथं नवा घ्यावा लागतो, आणि तिथला रद्द केलास की तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं. त्यापेक्षा भट्टीवरच्या विश्वासाच्या पोराला किंवा धाकट्याला भागीत घे आणि दोन वर्षं दुकान त्याच्या हाती चालव. तिकडचा पैसा महिन्याला येत राहिला तर इकडं घाईनं चुकीचा व्यवहार होत नाही. जागेच्या मालकाला सोडायची तारीख निदान तीन महिने आधी सांग, म्हणजे ॲडव्हान्स मिळताना वाद होत नाही. आणि शेवटी जागा रिकामी करशील तेव्हा फुटक्या मुशी, भट्टीची राख, धुराड्यातली काजळी, फरशीच्या फटीतली माती हे सगळं पोत्यात भरून गाळायला दे. वर्षानुवर्षांचं बारीक सोनं त्यात बसलेलं असतं. उरलेलं तेजाब मोरीत ओतू नको. ज्या गल्लीनं आपल्याला पोसलं तिचं पाणी खराब करून निघायचं नाही.

आता रानाचं. हे मी सविस्तर सांगणार, कारण परत आलेल्यांची सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात.

तुझे वडील जाऊन इतकी वर्षं झाली, सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का? नसेल तर पहिलं काम ते. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन तलाठ्याकडं अर्ज करायचा. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मग संबंधितांना नोटिसा जातात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. अर्ज ई-हक्क प्रणालीवरही करता येतो, पण एकदा समोर जाऊन बस. वारसांत बहिणींची नावं येणारच. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हक्कसोड पत्रावर ताई सही करेलच असं गृहीत धरून तिच्या दारात कागद घेऊन जाऊ नको. आधी बस, जेव, तिचं काय म्हणणं आहे ते ऐक. तिला वाटा हवा असेल तर तो तिचा आहे.

रान इतकी वर्षं चुलतभावानं कसलं. तू यात्रेला आलास की त्यानं ज्वारीचं पोतं नाहीतर शेंगांची पिशवी गाडीत टाकली आणि तू समाधानानं परत गेलास. आता तू म्हणणार, माझं रान मोकळं करून दे. त्याच्या बाजूनं बघ. बांध त्यानं घातला, पाइपलाइन त्यानं पुरली, दुष्काळात टँकर त्यानं सांगितला. पहिल्या वर्षी उभ्या पिकाला हात लावू नको. त्यानं काय खर्च केला याचा कागदावर हिशेब मांडा आणि कोणतं शेत कधी मोकळं होईल ते दोघांच्या सहीनं लिहून ठेवा. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद कुणी आणि कशी केली, तेही उताऱ्यावर बघ. मोजणी आणायचीच असेल तर बोलणं झाल्यावर आण. भूमी अभिलेखचा माणूस शेतात उभा राहिला की पुढं भावाभावांत बोलणं होत नाही, नुसती खुणेच्या दगडांवर नजर राहते.

आणि रान बघायचं ते मे महिन्यात. दिवाळीला विहीर काठोकाठ असते, माळ हिरवा असतो, आणि बाहेरून आलेला माणूस त्याला भुलतो. कऱ्हाडजवळच्या टेंभूतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आपल्याकडं आलं, त्यानं फार मोठा बदल झाला, हे खरं. पण पाणी आवर्तनानं येतं, आणि आपला गट लाभक्षेत्रात आहे का, पाणी बांधापर्यंत पोचतं का, हे गटागणिक वेगळं. वैशाखात विहिरीत किती हात पाणी उरतं ते दोर सोडून मोज. शेजारच्या बोअरला किती तास पाणी चालतं ते विचार. मगच डाळिंबाची भाषा कर. डाळिंबाचं पहिलं पीक हातात यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तेल्या पडला तर बाग बघवत नाही. गलाईचा सगळा पैसा एका बागेत ओतू नको, अर्ध्या एकरापासून सुरुवात कर.

सूनबाईला विचारलंस का? तू इथल्या पारावर वाढलास, तुझं काय, तू चार दिवसांत मिसळशील. ती तिकडं दोन खोल्यांत स्वतःच्या मर्जीची होती. आता सासू, जावा, भावकी, रोजचं येणं-जाणं. तिला गावात राहायचंय की विट्यात, हे तिच्या तोंडून ऐक, आणि ती म्हणेल तिथं घर कर. विट्यात शाळा आणि दवाखाना जवळ पडतो, गाव गाडीवर गाठता येतं. घर पहिल्या वर्षी भाड्यानं घे, करार लेखी आणि नोंदणी केलेला असू दे. आपल्या भागात कुलपं लागलेले किती बंगले आहेत ते तू पाहिलेच आहेस. त्यात आणखी एकाची भर नको. तिचा कोइमतूरचा वेट ग्राइंडर मात्र नीट गुंडाळून आण. सकाळची इडली आणि डिकॉक्शनची कॉफी सुटली की तिला आणि पोरांना घर सुटल्यासारखं होईल.

गावात देण्याघेण्याचं पहिल्या महिन्यातच ठरव. यात्रेला येणाऱ्याच्या खिशाबद्दल गावाची एक समजूत असते. वर्गणी, मंडप, कुस्त्यांचं बक्षीस, आजारपण, उसनवारी, सगळं तुझ्या दारात येईल. वर्षाची एक रक्कम मनाशी धर आणि त्यातूनच दे. शाळेला आणि आजारपणाला आधी, बक्षिसाच्या बोर्डावरच्या नावाला शेवटी. उसने देशील ते परत येणार नाहीत असं धरूनच दे. त्याऐवजी स्वतः जास्त जा. मातीला, दहाव्याला, बारशाला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तर नारळ घेऊन. तिथं दिसणारा माणूस गावाला आपला वाटतो.

तुझी छातीही तपासून घे. इतकी वर्षं तेजाबाचा तो तांबूस धूर नाकात गेलाय. दम लागत नसला तरी डॉक्टरला कोणता धंदा केला ते सांग, नाहीतर तो नुसता खोकला समजून औषध देईल.

येत्या मे महिन्यात सूनबाईला आणि पोरांना घेऊन पंधरा दिवस ये. यात्रा नसेल, लग्न नसेल, लाइट जाईल, ऊन तापेल, तेव्हाच ये. गट नंबर आणि वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो मला आत्ताच फोनवर पाठव. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार मी काढून ठेवतो. तू आलास की सोमवारी आपण दोघं तहसीलला जाऊ.