आजीला कायदा सांगू नकोस

अगं, तुझ्या ट्रान्स मैत्रिणीला फराळाला बोलावलंस, आजीने तिला दोनदा 'आलास का रे' केलं आणि तू ताटावरून उठलीस. आईने फोनवर सगळं सांगितलं. राग बरोबरच होता, पण काढलास भलत्या माणसावर.

आजीचं माहेर गडहिंग्लजकडचं. तिच्या लहानपणी यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते दारात यायचे. नेसायला लुगडं, कपाळभर भंडारा, डोक्यावर यल्लम्माचा जग, हातात चौंडकं. घरातल्या बायका सुपातून जोंधळे आणून जोगवा घालायच्या, पाया पडायच्या. म्हणजे पुरुषाच्या देहात जन्मून बाईसारखं जगणारं माणूस आजीने तुझ्या-माझ्या आधी पाहिलंय. फक्त तो मान उंबऱ्याबाहेरचा. असं माणूस कुणाचं लेकरू असेल, कॉलेजात शिकेल, आपल्या पंगतीत चकली खाईल, हे तिच्या गावीही नव्हतं.

मला विचारशील तर खरी अढी आईबाबांच्या पिढीची. त्यांनी जोगत्यांच्या पाया पडणं सोडलं आणि हिंदी सिनेमातल्या टाळ्या पिटणाऱ्या पात्रांना हसणं धरलं. सिग्नलला गाडीची काच वर करायला आपल्याला शिकवलं कुणी? आजीने नव्हे.

तुझं सोपं होतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली तेव्हा तू शाळेत होतीस. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी त्रिपाठी होत्या. त्यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' माझ्या कपाटात आहे. घेऊन जा, वाचून झालं की आईच्या उशाशी ठेव.

आता काय करायचं? आधी मैत्रिणीला विचार, पुन्हा यावंसं वाटतं का. नको म्हणाली तर गळ घालू नकोस. आपल्या आजीला शिकवायचा ठेका तिने घेतलेला नाही. आली, तर आजीला आधीच सांगून ठेव: ही माझ्या वर्गातली, मुलगी आहे, नाव हे. जोगत्यांच्या गोष्टी काढ, त्यातल्या कुणाची आई तिला ठाऊक होती का ते विचार. बोलताना चुकली तर हळूच 'आजी, आलीस म्हण', बस. पण मुद्दाम टोमणे मारले, ऑपरेशनबद्दल खोदून विचारलं, तर वयाकडे बघू नकोस. 'आजी, पुरे' म्हणायचं.

बाबांशी मी बोलते. तू मैत्रिणीला आजच फोन कर.