जुन्या नौकेच्या दुरुस्तीविषयी भाच्यास पत्र

शेलूबाजार,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. बाळास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मांडव्याच्या एका गृहस्थांची जुनी फायबरची मोटरबोट संपूर्ण दुरुस्तीसाठी तू स्वतःच्या जबाबदारीवर घेतलीस, हे तुझ्या पत्रावरून कळले आणि फार समाधान वाटले. इकडे पेरण्या आटोपल्या असून सोयाबीन चांगले उगवले आहे, त्यामुळे थोडी सवड आहे. आणि नोकरीची सारी हयात मुंबईच्या बंदरात गेली असल्याने या विषयातील चार गोष्टी मला तुला खात्रीने सांगता येतील.

दसऱ्यापूर्वी बोट रंगवून द्यावी अशी मालकांची निकड आहे, असे तू लिहितोस. रंग सर्वांच्या दृष्टीस पडतो, म्हणून त्याची घाई होणे स्वाभाविक आहे. परंतु भर खाडीत माणसांचे प्राण ज्यांच्यावर अवलंबून असतात ते तळाचे थर आणि फळ्यांखाली दडलेली टाकी ही कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत, आणि म्हणूनच कारागिराने आपल्या कामाचा आरंभ तेथून केला पाहिजे.

बोट ठोकळ्यांवर नीट बसली की लहान हातोडीच्या मुठीने तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके ठोकत जा. खणखणीत आवाज निघेल तेथील थर एकजीव आहेत असे समज, आणि बद्द आवाज निघेल तेथे खडूने खूण कर. पाण्याखालच्या भागावर फोड आलेले असतील तर डोळ्यांना चष्मा लावून त्यांतील एक फोडून पाहा. आतून चिकट द्रव येऊन व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला, तर पाणी वरच्या जेलकोटमधून झिरपून आतल्या थरांत पोहोचले आहे हे निश्चित. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेले असते, तिच्या पोटात पुष्कळ जुन्या बोटींत प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते आणि बाहेरचे फायबर मात्र सुरेख दिसत राहते, तेव्हा त्या जागेची खातरजमा केल्यावाचून पुढे जाऊ नकोस.

पावसाळ्याचे हे महिने तपासण्याचे आणि खरवडण्याचे आहेत, जोडण्याचे नव्हेत. ओल्या थरावर चढवलेले रेझिन नीट धरत नाही. घासलेल्या जागेवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून बंद कर; दोन-चार दिवसांनी त्याच्या आतल्या अंगास दव धरलेले दिसले, तर तळ अद्याप ओला आहे असे समजून मालकांकडून मुदत वाढवून घे.

आता टाकीविषयी. ॲल्युमिनियमची टाकी फोममध्ये गाडलेली असली की फोम पाणी धरून ठेवतो आणि टाकीचा तळ बाहेरून खड्डे पडून खात जातो. त्यातच आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले म्हणजे त्यासह पेट्रोलापासून विलग होऊन तळाशी बसते. म्हणून टाकी बाहेर काढ, अगदी अल्प दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लाव, आणि खड्डे खोल असतील तर ठिगळाच्या भरीस न पडता नवी टाकी करून घे. ती फोममध्ये न गाडता खालून वारा खेळेल अशी बसव, आणि जुन्या रबरी नळ्याही बदलून टाक.

आपल्या गावच्या हमरस्त्यावर ट्रॅक्टरची टाकी धुऊन तिला वेल्डिंग करताना तू लहानपणी पाहिले असशील. ती रीत पेट्रोलच्या टाकीस कदापि लावू नकोस. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण होते, ते भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर असते. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचून राहते. यास्तव इंजिन चालू करण्यापूर्वी चार-पाच मिनिटे तळातील पंखा चालवण्याची सक्त ताकीद मालकांस देऊन ठेव.

घाई न करण्याचे फळ काय, याचे एक उदाहरण सांगतो. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. १९९० पासून सुमारे अकरा वर्षे तिची दुरुस्ती चालली. मूळ बांधणाऱ्यांनी साग निवडण्यात हयगय केली नाही आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी काळाची घाई केली नाही, म्हणून आपल्या मुंबईच्या कारागिरीची ती साक्ष आज दोनशे वर्षांनंतरही डोळ्यांनी पाहता येते.

महाराष्ट्र सागरी मंडळाचे सर्वेक्षण होईल, दाखला मिळेल. पण जो थर तू रंगाखाली झाकलास तो सर्वेक्षकास कसा दिसणार? म्हणून प्रत्येक टप्प्याची छायाचित्रांसह नोंद ठेव, काय कुजलेले निघाले आणि काय बदलले त्याचा तपशीलवार हिशेब मालकांच्या हाती दे, आणि त्यांनी टाकीचा खर्च नाकारला तर रंगाचे कामही नम्रपणे नाकार. त्यात पैशाचे नुकसान होईल, पण तुझ्या हातच्या कामावर लोकांचा जो विश्वास बसेल, त्यावर तुझा सारा व्यवसाय उभा राहील.

मामी आशीर्वाद सांगते. टाकी उघडल्यावर काय निघाले ते सविस्तर कळव.

तुझा,
मामा