आवाजाची दिशा

उन्हाळ्यातील एखाद्या सकाळी मनुष्य डोळे मिटून अंगणात बसला, तरी भोवतालच्या जगाशी असलेला त्याचा संबंध तुटत नाही. कोकीळ उजवीकडच्या आंब्यावर बोलत आहे, विहिरीवरची कप्पी पाठीमागे कुरकुरत आहे, रस्त्यावरून जाणारी सायकल डावीकडून उजवीकडे चालली आहे, हे सारे त्याला मान न वळविता कळते. डोळ्यांना समोरचे तेवढे दिसते. कानांना मात्र चहूंकडचे ऐकू येते.

ही किमया दोन कानांची आहे. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर तोडतो. उजव्या बाजूने आलेला आवाज उजव्या कानाशी आधी पोचतो आणि डाव्या कानाशी किंचित मागाहून. हा उशीर फार तर एका सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. शिवाय मध्ये मस्तकाचा आडोसा असल्यामुळे दूरच्या कानाला तो आवाज थोडा मंद ऐकू येतो. या दोन सूक्ष्म फरकांवरून मेंदू आवाजाची दिशा ठरवितो.

आरंभीच्या बोलपटांत या दिशेला स्थानच नव्हते. चित्र सबंध पडद्यावर हलत असे. परंतु आवाज मात्र एकाच मार्गाने येई. एखादे पात्र बोलत बोलत पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले, तरी त्याचा आवाज जागचा हलत नसे. असंख्य प्रेक्षक असे बोलपट पाहत आणि आनंदाने घरी जात. इ. स. १९३१ मध्ये इंग्लंडमधील एका तरुण अभियंत्याला मात्र ही विसंगती खटकली. त्याचे नाव अ‍ॅलन ब्लमलाइन. असे सांगतात, की भावी पत्नीसह चित्रपट पाहत असताना ही उणीव त्याच्या ध्यानात आली आणि ती दूर करण्याचा उपाय आपल्याला सुचला आहे, असे त्याने तिला सांगितले.

त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात ब्लमलाइनने आपल्या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्या वेळी तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. दोन कानांसाठी दोन निरनिराळे ध्वनी नोंदवावयाचे आणि ते दोन ध्वनिक्षेपकांतून एकाच वेळी ऐकवावयाचे, हे त्या शोधाचे सार होय. यालाच पुढे ‘स्टीरिओ’ हे नाव मिळाले. १९३५ साली त्याने काही लहान चित्रफिती तयार केल्या. त्यांपैकी एकीत हेज येथील रेल्वे स्थानकातील आगगाड्या होत्या. पडद्यावरील गाडी जसजशी पुढे सरके, तसतसा तिचा खडखडाटही तिच्याबरोबर सरकत जाई.

परंतु चित्रपटव्यवसायाने त्या काळी या शोधाचा स्वीकार केला नाही. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ब्लमलाइन विमानांसाठी लागणाऱ्या रडार यंत्राच्या कामी गुंतला. ७ जून १९४२ रोजी अशाच एका यंत्राची चाचणी चालू असताना विमान कोसळले आणि त्यात त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अडतीस वर्षांचे होते. आपली कल्पना घरोघरी पोचलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

तिकडे अमेरिकेतही असेच प्रयत्न चालू होते. वॉल्ट डिस्नेचा ‘फँटेझिया’ हा चित्रपट नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाला. त्याचे संगीत तीन स्वतंत्र ध्वनिमार्गांनी ऐकविण्याची योजना होती. मात्र त्यासाठी लागणारी सामग्री अवजड आणि महाग होती. त्यामुळे अगदी थोड्या चित्रपटगृहांत ती बसविली गेली. बहुतेक प्रेक्षकांना हा चित्रपट पुढे एकाच मार्गाच्या ध्वनीसह पाहावा लागला.

हा खर्च आटोक्यात आणण्याच्या कामी रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याचे नाव पुढे आले. १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. येथून गेल्यावर १९६५ सालीच त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. पुढे १९७० नंतरच्या दशकात या संस्थेने फिल्मच्या कडेवरील दोन ध्वनिपट्ट्यांतच डावा, मधला, उजवा आणि भोवतालचा असे चार ध्वनी सामावून घेण्याची पद्धत प्रचारात आणली. १९८२ पासून तीच पद्धत घरांतही आली. १९९२ साली अंकीय ध्वनीचा चित्रपट आला आणि ‘फाइव्ह पॉइंट वन’ ही रचना रूढ झाली.

५.१ हा आकडा पाहून अनेकांना कोडे पडते. ध्वनिक्षेपकाचा दहावा भाग कसा असू शकेल? त्याचा अर्थ असा. या रचनेत पूर्ण ध्वनी देणारे पाच मार्ग असतात. समोरच्या मधल्या ध्वनिक्षेपकातून मुख्यतः संवाद येतात. त्याच्या डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांतून संगीत आणि पडद्यावरील हालचाल ऐकू येते. श्रोत्याच्या किंचित मागे दोन्ही बाजूंस असलेल्या ध्वनिक्षेपकांतून पावसाची सर, गर्दीचा कोलाहल, रानातील रातकिड्यांची किरकिर असे भोवतालचे ध्वनी येतात.

सहावा मार्ग मेघगर्जनेसारख्या खोल आवाजांसाठी राखलेला असतो. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. हा मार्ग त्यांपैकी साधारण १२० कंपनांपर्यंतचेच ध्वनी वाहून नेतो. या अल्प वाट्यामुळे त्याला ‘पॉइंट वन’ म्हणतात. सेकंदाला ३४ कंपने असलेल्या ध्वनीची एक लाट १० मीटर लांब असते. एवढ्या मोठ्या लाटेला मस्तकाचा आडोसा होत नाही आणि म्हणून तिची दिशाही नीट कळत नाही. या ध्वनीची पेटी, म्हणजे सबवूफर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवली तरी चालते, ती यामुळेच.

७.१ या रचनेत बाजूचे आणि मागचे ध्वनी वेगळे करण्यासाठी आणखी दोन मार्ग असतात. ५.१.२ अशा आकड्यातील शेवटचा अंक डोक्यावरून येणाऱ्या ध्वनीचे ध्वनिक्षेपक किती, हे सांगतो. विमान डोक्यावरून गेल्याचा भास त्यांच्यामुळे अधिक खरा वाटतो.

तथापि, आकडा वाढला म्हणजे आनंद वाढतोच असे नाही. पाचही पेट्या दूरचित्रवाणी संचाशेजारी एका ओळीत मांडल्या, तर पाऊस भोवती न पडता समोरच पडत राहतो. मागच्या पेटीला खेटून बसले, तर तिचाच आवाज आधी आणि मोठा ऐकू येतो व संवाद बुडून जातात. समोरच्या मध्यरेषेपासून डावी-उजवी पेटी प्रत्येकी ३० अंशांवर आणि मागची प्रत्येकी सुमारे ११० अंशांवर असावी, तसेच श्रोत्यापासून सर्वांचे अंतर सारखे असावे, असा दंडक आहे. भूमितीच्या पेटीतील कोनमापकाचा येथे उपयोग होतो. योग्य जागी ठेवलेले दोन ध्वनिक्षेपक अस्ताव्यस्त ठेवलेल्या पाचांहून अधिक सुख देतात.

ध्वनिक्षेपक कितीही वाढले, तरी ऐकणारे कान दोनच राहतात. अंगणात डोळे मिटून बसलेल्या माणसाला जे सहज लाभते, तेच बंद खोलीत निर्माण करण्यासाठी ही सारी खटपट आहे. तिचा आरंभ कोठे झाला? सर्वांना ज्याची सवय झाली होती, त्यात काही उणे आहे, हे एका प्रेक्षकाने लक्षपूर्वक ऐकले, तेथे.

स्वाध्याय

१. आवाजाची दिशा मेंदूला कोणत्या दोन फरकांवरून कळते?
२. ‘फँटेझिया’चा ध्वनी सर्वत्र मूळ रूपात का ऐकविता आला नाही?
३. ५.१ या आकड्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. सेकंदाला १७० कंपने असलेल्या ध्वनीची एक लाट किती लांब असेल?
५. डोळे मिटून पाच मिनिटे स्वस्थ बसा. ऐकू आलेले आवाज आणि त्यांच्या दिशा वहीत लिहा.