ग्रीक क्रियापदांची मुळे व त्यांचे अर्थ

आमच्या उपदेशक बंधूंपैकी पुष्कळांस "मूळ ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ असा आहे" हे वाक्य उपासनेत उच्चारण्याची मोठी आवड असते. ही आवड वाईट नाही. परंतु खेड्यातील मंडळीपाशी ग्रीक कोश नसतो. आपण जे सांगू ते ती खरे धरून घरी नेते. म्हणून सांगणाऱ्याने आधी दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत: शब्द कोठून आला ही एक, आणि लिहिणाऱ्याने तो कोणत्या अर्थाने वापरला ही दुसरी. आजच्या पाठात काही क्रियापदे घेऊन हा भेद पाहू.

प्रथम थोडी ओळख. ग्रीक कोशात क्रियापद "मी करतो" अशा प्रथमपुरुषी रूपात दिलेले असते. ज्यांनी शाळेत थोडे संस्कृत घोकले आहे त्यांस ती रूपे अगदीच परकी वाटणार नाहीत. ग्रीक "दिदोमि", संस्कृत "ददामि"; "तिथेमि", "दधामि"; "फेरो", "भरामि"; "एस्ति", "अस्ति". भूतकाळी संस्कृतात "अभरम्" असा मागे "अ" लागतो, तसा ग्रीकात "एफेरोन" असा "ए" लागतो. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्यास केलेल्या व्याख्यानात ह्या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात, असे सांगितले. ह्यावरून ग्रीक संस्कृतातून निघाली असे मात्र कोणी समजू नये. त्या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

ह्या नात्यातील एक शब्द फार गोड आहे. "मला ठाऊक आहे" ह्यास ग्रीकात "ओइदा" म्हणतात. संस्कृतातील "वेद", म्हणजे "मी जाणतो", हे त्याचेच भावंड. मूळ धातूचा अर्थ पाहणे असा होता. ज्याने पाहिले आहे तो जाणतो. आता योहान ९:२५ काढा. जन्मांध मनुष्य परूश्यांस सांगतो की, एक गोष्ट मला ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. तेथे "ओइदा" हाच शब्द आहे! उपदेशकाच्या तोंडास पाणी सुटावे असे हे स्थळ. तथापि त्या काळचा ग्रीक बोलणारा मनुष्य "ओइदा" म्हणताना पाहण्याचा विचार करीत नसे, जसे आपण "पंकज" म्हणताना चिखल मनात आणीत नाही. तेव्हा ही गंमत म्हणून सांगावी, पुरावा म्हणून सांगू नये.

दुसरा शब्द "हामार्तानो", पाप करणे. ह्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे, हे आपण अनेकदा ऐकले असेल, आणि ते खरे आहे. होमर कवीच्या इलियद काव्याच्या पाचव्या सर्गात पांदारस हा दियोमेदेसवर भाला फेकून "लागला!" अशी बढाई मारतो, तेव्हा दियोमेदेस न डगमगता त्यास सांगतो की, तुझा नेम चुकला. तेथे हेच क्रियापद आहे. शास्ते २०:१६ ह्यात केसावरही गोफण मारून न चुकणारे सातशे डावखुरे वीर आहेत. तेथील इब्री क्रियापद इतरत्र पाप करण्यासाठी येते, आणि ग्रीक भाषांतरकारांनी तेथे हाच शब्द उपसर्ग लावून घातला आहे.

पण येथेच घसरण आहे. "पाप म्हणजे केवळ नेम चुकणे" असे सांगितले की ऐकणाऱ्यास वाटते, चला, हात हलला एवढेच. होमरच्याच नवव्या सर्गात हा शब्द मर्यादा ओलांडणाऱ्या अपराध्याविषयी आलेला आहे. म्हणजे तेव्हापासूनच त्याचे दोन्ही अर्थ चालू होते. लूक १५ मधील धाकटा मुलगा "मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर" असे म्हणून हे क्रियापद वापरतो. नेम चुकला म्हणून कोणी बापाच्या पाया पडत नाही.

ह्याच्या उलट, ज्याचे मूळ जितके उकरावे तितका प्रकाश पडतो असाही एक शब्द आहे: "स्प्लांख्निझोमाइ", म्हणजे कळवळा येणे. "स्प्लांख्ना" म्हणजे काळीज, यकृत, फुप्फुसे इत्यादी पोटातील अवयव. यज्ञात पशू मारल्यावर हे अवयव भाजून प्रथम चाखीत असत. होमरमध्ये त्याचे वर्णन आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (६:८) यहूद्यांवर मूर्तींच्या यज्ञाचे मांस खाण्याची सक्ती झाली, तेथे ह्याच क्रियापदाचे एक रूप "यज्ञातील आतडी खाणे" ह्या अर्थी येते. असा रक्तामांसाचा शब्द पुढे दयेचा शब्द झाला. शुभवर्तमानांत तो बारा वेळा आहे: मत्तयात पाच, मार्कात चार, लूकात तीन. आणि ते क्रियापद एकतर प्रभूविषयी येते, नाहीतर त्याच्या दाखल्यांतील तिघांविषयी: कर्ज सोडणारा राजा, चांगला शोमरोनी आणि धावत जाणारा बाप. इंग्रजास येथे अडचण पडते. त्याच्या भाषेत आतडी व दया ह्यांचा मेळ आता राहिलेला नाही. आपल्या बायका मात्र रोज म्हणतात, "लेकरासाठी आतडे तुटते." हे मराठी बोलणे मूळ ग्रीकाच्या इतके जवळ आहे की ह्या शब्दास टीकेची गरज पडू नये. पौल फिलेमोनास अनेसिमाविषयी लिहिताना (वचन १२) त्यास आपले "स्प्लांख्ना" म्हणतो. आम्ही "काळजाचा तुकडा" म्हणतो ना, तेच.

आता पावतीचे शब्द. गेल्या शतकाच्या आरंभी जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान ह्यांनी मिसर देशातील वाळूत सापडलेले पपायरसचे तुकडे व लिहिलेली खापरे नव्या कराराशी ताडून पाहिली. १९०८ साली त्यांचे ह्याविषयीचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. खापरांवर कराच्या व देण्याघेण्याच्या पावत्या असत, आणि त्यांत "आपेखो" हा शब्द पुन्हा पुन्हा येई. "आपो" म्हणजे पासून, "एखो" म्हणजे माझ्यापाशी आहे. दोन्ही मिळून "मला पोहोचले". आपल्याकडील दस्तऐवजात "भरून पावलो" असे लिहितात, नेमके तसे. मत्तय ६:२ मध्ये कर्णा वाजवून दानधर्म करणाऱ्यांविषयी प्रभू हाच शब्द वापरतो. लोकांनी वाहवा केली, हिशेब मिटला, पावती झाली. आता पित्याकडे मागण्यासारखे काही उरले नाही. फिलिप्पैकरांची देणगी पोहोचल्याचे पौल कळवितो (४:१८) तेही ह्याच शब्दाने.

पण ह्या खापरांनी उपदेशकांस एका चुकीतही पाडले आहे. वधस्तंभावरील "तेतेलेस्ताइ", म्हणजे "पूर्ण झाले आहे", हा शब्द फिटलेल्या कर्जाच्या पावतीवर लिहीत असत, असे शुभ शुक्रवारी अनेक ठिकाणी सांगितले जाते. ज्या पावत्यांवरून हे म्हणतात त्या जकातनाक्याच्या आहेत. त्यांवर शब्द पुरता लिहिलेला नसून "तेतेल" एवढाच संक्षेप आहे, आणि तो "जकात भरली" अशा अर्थाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा आहे असे जाणकार वाचतात. "तेलेओ" ह्याचा अर्थ कर भरणे असाही होतो, हे खरे. मत्तय १७:२४ व रोम १३:६ पाहा. परंतु तेथे कराचा उल्लेख शेजारीच आहे. योहान १९:२८ मध्ये तोच शब्द दोनच वचने आधी "सर्व पूर्ण झाले" असा आलेला आहे, आणि तेथे कर्जाची गोष्ट नाही. ख्रिस्ताने आमचे ऋण फेडले हे सांगण्यास दुसरी वचने पुष्कळ आहेत. त्यासाठी जकातनाक्याची साक्ष काढावी लागत नाही.

शेवटी माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान मंडळीत मी योहान २१ वर बोललो. "आगापाओ" हे दैवी प्रेम, "फिलेओ" हे हलके मानवी प्रेम; प्रभू दोनदा पहिले मागतो, पेत्र दर वेळी दुसरेच देतो, असे मोठ्या ऐटीत सांगितले. उपासना सुटल्यावर एक म्हातारे शेतकरी जवळ आले व म्हणाले, "पाळकसाहेब, मग प्रभूने शेवटी कमी प्रतीचा माल चालवून घेतला म्हणायचा का?" मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन वचने काढली. पिता पुत्रावर प्रीती करतो, हे योहान ३:३५ मध्ये "आगापाओ" ने आहे, आणि ५:२० मध्ये "फिलेओ" ने. तर पित्याची प्रीती हलकी झाली काय? देमासाला ह्या युगाची गोडी लागली (२ तीमथ्य ४:१०), तेथे "आगापाओ". आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तामारेवर बळजबरी करणाऱ्या अम्नोनाच्या वासनेसही "आगापाओ" च आहे (२ शमुवेल १३). "फिलेओ" चा अर्थ चुंबन घेणे असाही होतो. यहूदाने दिलेली खूण (मार्क १४:४४) तीच. योहानास तर एकच गोष्ट दोन शब्दांनी म्हणण्याची सवय आहे. त्याच संभाषणात "चार" आणि "पाळ", "कोकरे" आणि "मेंढरे" असे शब्द तो बदलतो. आणि "तुला सर्व ठाऊक आहे" येथे "ओइदा" घालून लगेच पुढे "तू जाणतोस" येथे "गिनोस्को" घालतो. पेत्र कष्टी का झाला हे योहानाने स्वतःच सांगितले आहे: त्याला तिसऱ्यांदा विचारले म्हणून. अंगणातील कोळशांच्या विस्तवापाशी त्याने तीनदा नाकारले होते, आणि येथेही किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला होता.

पुढल्या खेपेस मी त्या गावी गेलो तेव्हा त्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसून ही सर्व वचने त्यांना वाचून दाखविली.